कर्नल एक्केचाळीस

आमच्या दिंद्रुडात काही बंद पडलं, की दुरुस्तीच्या आधी आरोपी ठरतो. मोटार जळाली तर ज्यानं शेवटचं बटण दाबलं तो. ट्रॅक्टर बसला तर ज्यानं शेवटी चालवला तो. सोसायटी बुडाली तर... जाऊ द्या, तिथं मात्र कुणीच नसतो.

त्यामुळं पुतण्याचा कॉम्प्युटर गेम खेळताना धाडकन बंद पडायला लागला, तेव्हा तपासाला वेळ लागला नाही. थोरल्या भावानं उंबऱ्यातूनच निकाल दिला. "गेम खेळायलाय म्हणून बंद पडायलंय. खेळूच नको."

निकालात तथ्य नव्हतं असं नाही. सातबारा काढताना तो बंद पडायचा नाही. पीकविम्याचा अर्ज भरताना नाही, लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करताना नाही, आईला कीर्तन लावून दिलं तरी नाही. फक्त गेम. संध्याकाळी पोरगं बसायचं, गाड्या पळायच्या, बंदुका वाजायच्या आणि दहाव्या-पंधराव्या मिनिटाला अंधार. निळा पडदा नाही, इंग्रजीतली दमबाजी नाही. चालता माणूस खाली बसावा तसा. गेम सोडून सगळं पवित्र कार्य चालू देणारं यंत्र आमच्या भावाला मनापासून आवडलं होतं. ते दुरुस्त व्हावं अशी त्याची इच्छाच नव्हती.

यंत्राची थोडी ओळख करून देतो. डबा पुण्याचा, कुठल्याशा ऑफिसानं जुना माल म्हणून काढलेला. ग्राफिक्स कार्ड त्याहून मुरलेलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम नावाच्या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि जगभर रात्रंदिवस नाणी खोदत बसलेली कार्डं एका दिवसात बेकार झाली. मग ती स्वस्तात बाजारात आली. त्यातलंच एक आपल्या नशिबी आलं असावं, हे पुतण्याचंच म्हणणं. बीड जिल्ह्यातली माणसं सहा-सहा महिने ऊस तोडायला बाहेर जातात. हे कार्ड बाहेर राबून, हाडं झिजवून आमच्याकडं विसाव्याला आलेलं. पैसे कापसाच्या पट्टीतले. म्हणून तर त्याच्या प्रत्येक झटक्याला भाऊ क्विंटलमध्ये नुकसान मोजायचा.

पहिला संशय उन्हावर गेला. एप्रिल महिना, पत्र्याची खोली, बाहेर बेचाळीस. आत जो पंखा फिरतो तो वारा देत नाही, ऊन वाटतो. प्रोसेसर माणसापेक्षा शहाणा असतो. शंभर अंशांच्या आसपास गेला की आधी हळू चालतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. आमच्याकडं माणसं तेच करतात, पण त्यांना आळशी म्हणतात.

डबा उघडला. आत कापसाचे तंतू, सोयाबीनचं भुसकट आणि पालीची दोन अंडी. म्हणजे शेती आणि पशुपालन दोन्ही. पुतण्या डबा घेऊन पंक्चरवाल्याकडं गेला आणि ट्रकच्या चाकाला मारतात ती हवा मारून आला. (हे करू नये. त्या हवेत पाणी असतं, आणि जोरानं फिरवलेला पंखा मोडतो. आमचा मोडला नाही, त्याचं श्रेय कुणालाही घेऊ देऊ नका.) प्रोसेसरवरचं वाळून खडक झालेलं थर्मल पेस्ट खरवडलं, नवं लावलं. खेळताना तापमान अडुसष्ट दाखवायला लागलं. आईचा ताप उतरल्यावर होतो तेवढा आनंद झाला. संध्याकाळी सातला पोरगं बसलं. सव्वासातला अंधार.

मग तालुका. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, दोघांच्या मध्ये घट्ट धरून मोटारसायकलवरून माजलगावला नेलं. बाळंतिणीला नेतात त्या बेतानं, खड्डा आला की "हळू हळू" करत. दुकानदारानं नाडी न बघता सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल." आपल्याकडं डॉक्टरकडं गेलं की सलाईन आणि कॉम्प्युटरवाल्याकडं गेलं की फॉरमॅट. पेशंटला काय झालंय हे दोन्हीकडं नंतर बघतात. फॉरमॅट मारलं. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या. हा उपचार मला आवडतो. शाळेत जे खोडरबर चूक पुसायचं, ते आता स्मरणशक्ती दुरुस्त करतं. त्यानंतर गेम चालू करून तीन तास ठेवला. एकदाही बंद पडला नाही. दुकानदार छाती काढून म्हणाला, "बघा." आम्ही बघितलं आणि पाचशे दिले.

घरी आणला. सव्वासात. अंधार.

असं तीनदा झालं. तीनदा गोधडी, तीनदा पाचशे. चौथ्या वेळी त्यानं कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा एसएमपीएस बदलायला सांगितला. खरं तर हा सल्ला पहिल्याच दिवशी द्यायचा होता. आधुनिक ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज खात नाही. पडद्यावर स्फोट झाला की मिलिसेकंदात मोठा घास मागतं, आणि हलक्या एसएमपीएसला तो पुरवता आला नाही की सगळा संसार बसतो. गेमातच बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरचा हा नेहमीचा आजार. चांगल्या कंपनीचा नवा घेतला, दोन हजार सहाशे. भावाच्या हिशोबानं तेवढ्यात पेरणीचं बियाणं येतं. बियाणं उगवलं नाही. सव्वासात, अंधार.

दरम्यान पुतण्याला मोबाइलवर आशेचा किरण सापडला. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले महागडे डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळतानाच कोसळायला लागले होते. महिनोन्‌महिने लोक स्वतःला, ड्रायव्हरला आणि गेमला दोष देत बसले. शेवटी कंपनीनंच सांगितलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यानं आतून खराब होत होते. दुरुस्तीचा कोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पोरगं खूश. "काका, आपलं पण तेच असंल." मी डब्यावरचा स्टिकर बघितला. आमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा. तेरावी-चौदावी लांब राहिली, हा अजून दहावीला बसायचा होता. पण त्या बातमीतला एक शब्द मी डोक्यात ठेवायला हवा होता. व्होल्टेज. तिकडं ते जास्त झालं म्हणून मरत होते.

आता घरातल्या ज्येष्ठ तज्ज्ञांचं मत घेणं भाग होतं. आई सगळं ऐकून म्हणाली, "दुकानात चालायलंय, घरी आलं की बंद पडायलंय. मंग दोष घराला हाय का न्हाई?"

मी हसलो. त्या महिन्याभरात बोललं गेलेलं हे एकमेव शास्त्रीय वाक्य होतं, हे मला फार उशिरा कळलं. रोगी दवाखान्यात बरा आणि घरी आजारी असेल तर डॉक्टरनं घर बघायचं असतं. पण आईनं निदान बरोबर करून उपचार भलताच केला. मीठ-मोहरी घेतली, कॅबिनेटवरून, मॉनिटरवरून, खाली ठेवलेल्या यूपीएसवरून उतरली आणि चुलीत टाकली. मोहरी तडतडली. "लई दिष्ट हाय," आई म्हणाली. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद पडला नाही!

रात्री दहापर्यंत पोरगं खेळलं. भाऊ हिरमुसला. आई देव्हाऱ्यापुढं बसली. मी विज्ञानवादी म्हणून गावात बदनाम, माझी तर जेवायची इच्छा गेली. दुसऱ्या दिवशी सव्वासातला अंधार पडला तेव्हा कुठं मला चांगली भूक लागली.

पण तो एक दिवस का चालला, हा प्रश्न उरलाच.

इथं कर्नलसाहेबांचा प्रवेश. विंडोजच्या पोटात इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. यंत्राला काय काय झालं ते तारीख-वेळ टाकून तिथं आपोआप लिहिलं जातं. पुतण्यानं ती उघडली, तर लाल खुणांची रांग आणि प्रत्येकीपुढं एकच नाव. त्यानं मोठ्यानं वाचलं, "कर्नल पॉवर, एक्केचाळीस." भाऊ बाहेरून ओरडला, "कोण कर्नल? मिल्ट्रीचा माणूस कामून आलाय त्यात?"

हा कर्नल विंडोजच्या गाभ्याला म्हणतात तो. एक्केचाळीस क्रमांकाची नोंद एवढंच सांगते, की मला नीट बंद न करता बंद केलं गेलं, हे मला शुद्धीवर आल्यावर कळलं. कुणी केलं हे ती सांगत नाही. अनोळखी इसमानं डोक्यात काठी घातली, या धर्तीचा जबाब. पण गावातल्या इतर नोंदवह्यांपेक्षा ही वही एका बाबतीत वेगळी. हिच्यात मागच्या तारखेला सही करता येत नाही.

आम्ही वेळा उतरवून काढल्या. सात आठ, सात अकरा, सात पाच, सात चौदा. मध्ये एक दिवस कोरा. कॅलेंडर बघितलं, तो दिवस अमावास्या. आई म्हणाली, "म्हंजी बाहेरचंच हाय." मी म्हटलं, "आई, अमावास्येला सुट्टी घेणारं भूत मी आजपर्यंत ऐकलं नाही."

अमावास्येला सुट्टी घेतो तो आमच्या घरामागचा गिरणीवाला.

रोज सातच्या सुमाराला शेतातून आलेल्या बाया दळण ठेवतात आणि तो दहा हॉर्सपॉवरची मोटार चालू करतो. मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, काही क्षणच, पण ओढते. घरातला बल्ब तेव्हा पिवळा व्हायचा. हे आम्ही वर्षानुवर्षं बघत होतो आणि त्यावरून एवढंच ओळखत होतो, की गिरणी सुरू झाली, दळण पाठवा.

मग मी तालुक्याचा नाद सोडला आणि गावातल्या मोटार भरून देणाऱ्याला बोलावलं. हा माणूस जळालेल्या मोटारीचा वास घेऊन फेज सांगतो. कॉम्प्युटरला त्यानं हातही लावला नाही. मीटरच्या दोन काड्या बोर्डात खुपसल्या. साडेसहाला १७२. पोरानं गेम लावला, १६० च्या खाली. गिरणी उठली आणि काटा १३० ला टेकला. त्याच क्षणी यूपीएसनं लांब किंकाळी फोडली आणि अंधार.

"ह्यो यूपीएस कितीचा हाय?"

"सहाशेचा," पोरगं अभिमानानं म्हणालं.

सहाशे व्हीए. वॅटमध्ये ३६०. छातीवर ६००, पोटात ३६०, आणि पोटातली बॅटरी दोन उन्हाळे खाऊन फुगलेली. दाब १४० च्या खाली गेला की तो बॅटरीवर जातो. सातबाऱ्याच्या वेळी कॉम्प्युटर खातो ऐंशी-नव्वद वॅट, तेवढं तो टूं करून सांभाळतो, आणि आपल्याला कळतही नाही. गेमाच्या वेळी कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून साडेतीनशेच्या वर. मग तो ओझं टाकून पळतो. म्हणून फक्त गेम. म्हणून फक्त सात वाजता. आणि माजलगावला तीन तास सुरळीत चालायचं कारण एवढंच, की आम्ही गोधडीत कॅबिनेट न्यायचो. यूपीएस घरी ठेवायचो. तो तर रक्षणासाठी घेतलेला. राखणदारावर कोण संशय घेतो?

माझ्या मते प्रकरण इथं मिटलं होतं. मोटार भरणारा मात्र उठेना. "यूपीएस मरू द्या. गिरणी चालू नव्हती तवा एकशे बाहत्तर कामून? शेजारी तर दोनशे दहा हाय." तो घरामागं गेला, अर्थिंगच्या खड्ड्यापाशी बसला, माती चिमटीत घेतली. भुगा. "एक बादली पाणी वता बरं."

टँकरच्या दिवसांत मातीत पाणी ओतायचं म्हटल्यावर आईचा चेहरा काय झाला ते लिहीत नाही. ओतलं. आतला बल्ब आमच्या डोळ्यांदेखत उजळला. मीटरवर १९५. गिरणी उठली, १५२ पर्यंत खाली गेली, परत आली. कॉम्प्युटर चालू.

परळीच्या चिमण्या आमच्यापासून काही फार लांब नाहीत. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथलं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. विजेला पाणी लागतं हे या जिल्ह्याला वेगळं शिकवायला नको. फक्त ते आमच्या न्हाणीचं लागेल असं वाटलं नव्हतं. पुढचे चार दिवस न्हाणीची मोरी खड्ड्याकडं वळवली होती. ज्या पोराला अंघोळीसाठी हाका माराव्या लागायच्या, ते संध्याकाळी साडेसहाला आपणहून अंघोळ करायला लागलं, आणि खेळ रंगात आला की बाहेर ओरडायचं, "आजी, तू पण करून घे ना!" वर मोटार भरणाऱ्यानं खड्ड्यात कोळसा आणि दोन किलो जाडं मीठ टाकायला सांगितलं. आई माझ्याकडं बघून फक्त एवढंच म्हणाली, "मीठच लागलं ना?"

आता हसायचं थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. चांगल्या घरात अर्थिंगच्या तारेतून वीज वाहतच नाही. ती तार संकटासाठी असते. खड्ड्यात पाणी ओतल्यावर बल्ब उजळतो याचा अर्थ घराचा न्यूट्रल तुटलाय आणि सगळा करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडं परत चाललाय. माती वाळली की वाट अडते, दाब पडतो. जितकं जास्त ओढाल, तितका जास्त पडतो. आणि त्या तारेला, तिच्या आसपासच्या ओल्या जमिनीला हात किंवा पाय लागला तर काय होईल याची खात्री नाही. शेजाऱ्याची म्हैस खड्ड्याजवळच्या हौदावर पाणी प्यायची नाही. तोंड लावायची आणि मागं सरायची. आम्ही सगळे म्हणायचो, लाडावलीय. तिला झिणझिण्या येत होत्या. निदान करणाऱ्यांत पहिली ती, दुसरी आई. दोघींनाही कुणी विचारलं नाही.

मोटार भरणाऱ्यानं मीटरबोर्ड उघडला. न्यूट्रलची तार खांबाकडं न जाता अर्थिंगच्या तारेला पिळलेली, वर काळी चिकटपट्टी. "ही येड्यावाणी जोडणी कुणी केली?" तो म्हणाला. मग तो थांबला. मीही थांबलो. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या वादळात खांबावरचा न्यूट्रल सुटला होता. रात्रीचे नऊ, घरात पाहुणे, वायरमन दुसऱ्या गावाला. तेव्हा बॅटरी मी धरली होती आणि तार त्यानं पिळली होती. "सकाळपर्यंत काढा," तो म्हणाला होता. कुठली सकाळ ते बोलणं झालं नव्हतं.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत घरच्या दाबात सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नसावा असं लिहिलं होतं. २३० चे सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४ च्या आत. हा नियम तोंडपाठ करून मी वीज कंपनीवर याच सदरात एक जळजळीत लेख लिहायला घेतला होता. निम्मा झाला होता. तो आता लिहीत नाही.

वायरमनला बोलावलं. त्यानं डीपीवरून लाईट बंद केली, खांबावर चढला, गंजलेला जोड कापून नवा क्लॅम्प बसवला, खाली उतरून आमची चिकटपट्टी काढली आणि ती माझ्या हातात ठेवली. वीस मिनिटं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. मीटरवर २२६. गिरणी उठली तेव्हा २१२. म्हैस आता हौदावर पोटभर पिते. अर्थिंगची तार जागेवरच आहे, पण आता रिकामी, संकटाची वाट बघत.

हिशोब असा झाला. फॉरमॅट तीन, दीड हजार. पेस्ट अडीचशे. एसएमपीएस दोन हजार सहाशे. यूपीएसची नवी बॅटरी नऊशे. पेट्रोल भाऊ मोजतोय. मीठ घरचं.

परवा रात्री साडेनऊला पोरगं खेळतच होतं. भाऊ उंबऱ्यात उभा राहून जरा वेळ बघत होता. मग समाधानानं मान हलवून म्हणाला, "मी म्हणलो नव्हतो? खेळायचं कमी केलं की बंद पडायचं थांबतंय."

तुमच्याकडं अर्थिंगला पाणी घातल्यावर बल्ब उजळत असेल, तर हे सदर इथंच ठेवा आणि वायरमनला फोन करा. खांबावर स्वतः चढू नका. आणि रात्रीच्या वेळी कुणी बॅटरी धरायला बोलावलं, तर तुम्ही गावाला गेलाय असं घरच्यांना सांगायला लावा.